रेस्ट इन ब्लाऊज पीस

गेल्या महिन्यात आमच्या बिल्डिंगमधले दुसऱ्या मजल्यावरचे काका गेले. एसटीतून निवृत्त झालेले, उजाडलं की जिन्यातले दिवे न चुकता बंद करणारे. पहाटे गेले आणि साडेसहाला सेक्रेटरींचा मेसेज ग्रुपवर आला. जोडलेले हात, पणती आणि खाली इंग्रजीत 'रेस्ट इन पीस'. फक्त पीसचं स्पेलिंग होतं पी-आय-ई-सी-ई. म्हणजे तुकडा. ब्लाऊज पीसमधला पीस.

त्याखाली एकेकाचे मेसेज यायला लागले. बहुतेकांनी वरचाच मेसेज उचलून चिकटवला होता, त्यामुळे तासाभरात काका सत्तावीस वेळा तुकड्यात विसावले. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते (त्यांच्याकडे त्या दिवशी चूल पेटणार नव्हती, पिठलं-भात माझ्याकडून जायचा होता) आणि एका हातानं ग्रुप वर सरकवत होते. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, अशी काहीतरी लाजिरवाणी अवस्था. मग एकानं 'हार्टी कंडोलन्सेस' लिहिलं. हे 'हार्दिक'वरून आलं असणार. पण इंग्रजीत हार्टी म्हणजे भरपेट नाश्ता, खळखळून हसणं, असलं काहीतरी. दुखवट्याला हार्टफेल्ट लागतं. गंमत म्हणजे हाच माणूस मराठीत कधी 'हार्दिक श्रद्धांजली' लिहिणार नाही. तिथे त्याला बरोबर 'भावपूर्ण' सुचतं.

शेवटी राहवेना. सेक्रेटरींना ग्रुपवर नाही, वेगळा मेसेज केला. इंग्रजीतच, घाईत: पीसचं स्पेलिंग चुकलंय, प्लीज करेक्ट करा. दोन मिनिटांत उत्तर आलं, "ताई, करेक्टमध्ये आर दोन असतात ना?"

असतात. मी एक खाल्ला होता.

या प्रकाराला नाव आहे. जॉन बँगसंड नावाच्या ऑस्ट्रेलियन संपादकानं १९९२ साली ते दिलं: मफ्रीचा नियम. जे बिघडू शकतं ते बिघडतंच म्हणणाऱ्या मर्फीचंच नाव, पण मुद्दाम चुकवून छापलेलं. दुसऱ्याची चूक दाखवणारं काहीही तुम्ही लिहिलंत की त्यात तुमची स्वतःची एक चूक असणारच, असा तो नियम. मी तो अकरा वर्षं छापखान्यात जगले आहे, त्यामुळे मला मान्य आहे. हा लेखही त्याला अपवाद नसणार. सापडली चूक तर कळवा, रागावणार नाही. थोडी रागावेन.

छापखाना सांगलीतला. मी तिथे मुद्रितशोधक होते. आमच्याकडे डीटीपी, म्हणजे संगणकावरची जुळणी, आलं होतं, पण लग्नपत्रिकांसाठी कोपऱ्यात ट्रेडल नावाचं एक जुनं छपाईयंत्र अजून धडधडत असायचं. पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, मग मालकांची सही. मराठीत मी ऱ्हस्व-दीर्घात मुरलेली. 'शिक्षक दिन'मधली वेलांटी चुकून दुसरी पडली की शिक्षक 'दीन' होतात, म्हणजे गरीब बिचारे (निम्म्या शाळांच्या बाबतीत ती चूक म्हणावी का, हा प्रश्न होताच). आता छापखाना बंद आहे आणि मी घरात बसून इंग्रजी तपासते. एका साइटवर होमस्टेवाले आपल्या घराची माहिती इंग्रजीत लिहितात, पाहुण्यांना उत्तरं देतात. ते मजकूर दुरुस्त करून मी परत पाठवते. पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय फक्त वाचायचे, हात लावायचा नाही. पाचवीत एबीसीडी शिकलेल्या बाईनं हे काम करावं याचं माझ्या माहेरी अजून आश्चर्य आहे. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासूनच होतं, पहिलीपासून झालं ते २००० साली.

दिवसाला साठ-सत्तर मजकूर डोळ्यांखालून जातात. त्यात एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. इंग्लंड-अमेरिकेतले पाहुणे खूप चुका करतात. पण आपण करतो त्या नाही. आणि त्यांच्या चुका कुठल्या, आपल्या कुठल्या, हे ओळखायची एक सोपी चाळणी मला सापडली. वाक्य देवनागरीत लिहून बघायचं. चूक दिसेनाशी झाली तर ती त्यांच्या जातीची. देवनागरीतही तशीच टवटवीत राहिली तर ती आपली.

करून बघा. 'देअर' शब्द तीन: तिथे या अर्थाचा, त्यांचा या अर्थाचा, आणि ते आहेत या अर्थाचा. इंग्रजीत तीन स्पेलिंगं, देवनागरीत तिन्ही देअर. तुझा या अर्थाचा 'युअर' आणि तू आहेस या अर्थाचा 'युअर', दोन्ही युअर. इंग्रज माणूस हे शब्द आईच्या कडेवर बसून ऐकत शिकला. त्याच्या कानाला तो एकच शब्द आहे. शाळेत गेल्यावर त्याला कोणीतरी सांगितलं की याचे तीन तुकडे आहेत, आणि घाईत टाइप करताना बोटं कानाचंच ऐकतात. आपण उलट बाजूनं आत शिरलो. आपल्याला फळ्यावरचे तीन शब्द आधी दिसले, उच्चार नंतर आला, तोही बाईंचा.

सगळ्यात मजेशीर 'शुड ऑव्ह'. पहिल्यांदा एका ब्रिटिश बाईंच्या अभिप्रायात दिसलं: आम्ही आधीच बुकिंग करायला हवं होतं, अशा अर्थाचं वाक्य, त्यात 'हॅव'च्या जागी 'ऑफ'चं स्पेलिंग, ओ-एफ. मला वाटलं बोट घसरलं. मग दुसऱ्याच्यात, तिसऱ्याच्यात. 'कुड ऑव्ह', 'वुड ऑव्ह'. ते बोलताना 'शुडव्ह' म्हणतात, त्या शेपटीतला 'अव्ह' म्हणजे 'हॅव'चा अवशेष आहे हे कानाला कळत नाही, आणि 'ऑफ'ही ते घाईत तसाच 'अव्ह' म्हणतात. मराठी माध्यमातला मुलगा ही चूक सहसा करणार नाही. शंभर चुका करेल, ही नाही. त्यानं 'शुड हॅव गॉन' पाढ्यासारखं घोकलंय. हे कळलं त्या दिवशी मी उगाच एक कप चहा जास्त प्यायले.

आता अ‍ॅपॉस्ट्रॉफी. आमच्या बाई त्याला वरचा स्वल्पविराम म्हणायच्या, मीही तेच म्हणते. 'त्याचं' या अर्थाच्या 'इट्स'ला तो नाही, 'ते आहे' या अर्थाच्या 'इट्स'ला आहे. यावर इंग्रजी लोक एकमेकांच्या अंगावर धावून जातात. पण हा नियम म्हणजे काही शिलालेख नव्हे. १६११ साली छापलेल्या किंग जेम्स बायबलमध्ये मालकीचा 'इट्स' मुळात नाहीच. जिथे लागला असता तिथे 'हिज'नं, नाहीतर नुसत्या 'इट'नं भागवलंय. पुढे तो शब्द रुळला तेव्हा सतराव्या-अठराव्या शतकातले भलेभले लोक मालकीच्या 'इट्स'वरही वरचा स्वल्पविराम देत होते. म्हणजे आज ज्याला आपण अडाणीपणा म्हणतो ती तेव्हाची रीत होती. हे सगळं मला ठाऊक आहे, आणि तरीही होमस्टेच्या मजकुरात 'एग्ज'च्या एसच्या आधी वरचा स्वल्पविराम दिसला की माझा जीव जातो. अनेकवचनाला तो लावायच्या या खोडीला इंग्लंडात भाजीवाल्यांचा स्वल्पविराम म्हणतात, कारण टोमॅटो-बटाट्यांच्या पाट्यांवर तो सर्रास. आपल्याकडे भाजीवाला पाटी लावत नाही, ओरडतो. त्यामुळे आपल्याकडे तो आइस्क्रीमच्या गाड्यांवर सापडतो.

माझी चाळणी पासपोर्ट बघत नाही, हे कबूल करायला हवं. सांगलीत वह्या-पेनांच्या निम्म्या दुकानांवर 'स्टेशनरी'मध्ये ई-आर-वायच्या जागी ए-आर-वाय आहे. ए-वालं म्हणजे एका जागी थांबलेलं. त्यामुळे पाटीचा अर्थ होतो 'थांबलेलं अँड झेरॉक्स', आणि शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात तिथली रांग बघितली तर तेही खोटं वाटत नाही. 'प्रिन्सिपल'चंही तसंच, एक मुख्याध्यापक, एक तत्त्व, आणि शाळांच्या साइटवर खुर्चीत बऱ्याचदा तत्त्व बसलेलं असतं.

चाळणीला एक भोकही आहे. 'वजन कमी करणे'मधला शब्द, हरवणे-गमावणे या अर्थाचा, त्यात ओ एकच, आणि शेवटी झचा आवाज. सैल या अर्थाचा, दोन ओवाला, त्याच्या शेवटी स. त्यांच्या तोंडात हे दोन वेगळे शब्द आहेत. आपल्या तोंडात दोन्ही लूज. शिवलेला ड्रेस लूज, पोट बिघडलं तर लूज मोशन, आणि जिमच्या जाहिरातीत वेट लूज. मग आपला माणूस दोन ओ टाकून मोकळा होतो, आणि जाहिरातीचा अर्थ निघतो, वजन सैल सोडा. इंग्रजही ही चूक ढिगानं करतात, त्यांना आवाज वेगळे ऐकू येत असूनही. कारण 'चूज'मध्ये दोन ओ आहेत आणि शेवटी झ आहे, तर इथे का नाही, असं त्यांचं बोट म्हणत असावं. बोटाचं काय चुकलं? इंग्रजी स्पेलिंगचा राग करायचाच तर छापखान्यावर करावा, म्हणजे आमच्यावर. विल्यम कॅक्स्टननं १४७६ साली वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातला पहिला छापखाना टाकला. हॉलंड-फ्लँडर्सकडच्या सवयीचे जुळारी, म्हणजे अक्षरं जुळवणारे कामगार, हाताशी. 'घोस्ट'मधला एच त्या सवयीतून घुसला असं सांगतात. पुढच्या दोनशे वर्षांत लोकांचे उच्चार कुठल्या कुठे वाहत गेले आणि छापखान्यातल्या खिळ्यांनी, म्हणजे अक्षरांच्या ठशांनी, स्पेलिंग मात्र जागीच धरून ठेवलं. त्यात विद्वानांनी लॅटिनची आठवण म्हणून 'रिसीट'मध्ये पी आणि 'डेट'मध्ये, म्हणजे कर्जातल्या डेटमध्ये, बी घुसवला. जो कोणी उच्चारत नव्हता आणि आजही उच्चारत नाही.

दुबार अक्षरांकडे परत येते, कारण माझा एक आर अजून हिशेबात बाकी आहे. 'अकर्ड'मध्ये, म्हणजे 'घडलं'मध्ये, दोन आर लागतात, 'ऑफर्ड'मध्ये एक. का? मूळ शब्दात जोर शेवटच्या तुकड्यावर पडत असेल तर अक्षर दुणावतं, आधीच पडत असेल तर नाही. नियम चांगला आहे, पण तो बोलणाऱ्याच्या छातीतून येतो. मराठीत आपण शब्दाच्या एका तुकड्यावर असा दणका मारत नाही, सगळी अक्षरं साधारण एका उंचीवर चालतात, त्यामुळे आपल्याला तो नियम पाठच करावा लागतो. आणि हाच जोर त्यांनाही दुसरीकडे खड्ड्यात घालतो. जिथे जोर पडत नाही तिथला स्वर त्यांच्या तोंडात विरघळून अर्धवट 'अ' होतो. मग तो ए होता, ई होता की आय, कोणाला आठवणार? म्हणून 'डेफिनिटली' आणि 'सेपरेट' ही त्यांची जन्माची दुखणी. आपण तर त्यांची चूक उच्चारातच घेतली, आपण सरळ 'डेफिनेटली' म्हणतो. सेपरेटसाठी आमच्या बाईंचा उपाय होता: सेपरेटच्या पोटात उंदीर आहे, आर-ए-टी. चाळीस वर्षं झाली, तो उंदीर मेलेला नाही.

तर आर. माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. करेक्टची कथा त्याला सांगितली तर तो म्हणाला, "मावशी, तू एकटी नाहीस, अख्ख्या इंटरनेटनं एक आर खाल्लाय." तुम्ही एका पानावरून दुसऱ्या पानावर टिचकी मारता तेव्हा ब्राउझर पुढच्या पानाला बरेचदा सांगतो की हा माणूस अमुक पानावरून आला. त्या निरोपाचं नाव 'रेफरर'. त्यात मधे दोन आर हवेत. १९९६ सालच्या एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउझर आणि साइट यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या नियमांच्या, दस्तऐवजात एकच आहे, आणि तोवर तो इतका पसरला होता की दुरुस्त करणं म्हणजे सगळं मोडणं. तेव्हापासून जगभर तोच एका आरचा शब्द धावतोय. छापखान्याच्या भाषेत सांगायचं तर फॉर्मा, म्हणजे जुळवलेल्या पानांचा गठ्ठा, मशीनवर चढला होता.

आमच्या मालकांना ही गोष्ट आवडली असती. त्यांना मी ऑस्ट्रेलियाच्या पन्नास डॉलरच्या नोटेचीही सांगितली असती: २०१८ साली काढलेल्या नोटेवरच्या भिंगातून दिसणाऱ्या बारीक मजकुरात 'रिस्पॉन्सिबिलिटी' शब्दातला एक आय गळला होता, आणि तो २०१९मध्ये लक्षात येईपर्यंत तशा चार कोटी साठ लाख नोटा छापून झाल्या होत्या. जबाबदारी या शब्दातच. मालक म्हणाले असते, सही कोणाची होती प्रुफावर?

आता आपल्या चुका, ज्या चाळणीतून खाली पडत नाहीत. 'आय ॲम डूइंग धिस बिझनेस सिन्स ट्वेंटी इयर्स.' देवनागरीत लिहिली तरी चूक जागच्या जागी. कारण ती स्पेलिंगची नाहीच, खाली मराठी आहे: वीस वर्षांपासून. आपला 'पासून' बिचारा दोन्हीकडे राबतो, १९९८पासून आणि वीस वर्षांपासून. त्यांनी कामं वाटून दिलीत, आरंभ सांगायचा तर सिन्स, मुदत सांगायची तर फॉर. 'टुडे मॉर्निंग' म्हणजे आज सकाळी. 'डिस्कस अबाउट' म्हणजे विषयी चर्चा. 'कझिन ब्रदर' ही तर मला चूकच वाटत नाही. चुलत, मावस, आते, मामे एवढा फौजफाटा असलेल्या माणसाला नुसत्या 'कझिन'नं निदान मुलगा की मुलगी तरी कळायला नको? तरी मी ब्रदर खोडते. पैसे त्याचेच मिळतात. 'प्रीपोन' मात्र खोडत नाही. तो आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे आणि त्यांच्याकडे त्याला बरा पर्याय नाही.

आणि 'ओन्ली'. हा आपला 'च' आहे. शब्दाच्या शेपटीला चिकटणारा, नकळत, श्वासासारखा. मालवणकडच्या एका काकूंनी आपल्या होमस्टेच्या माहितीत लिहिलं होतं, 'सी इज हिअर ओन्ली.' आणि पुढे, सकाळी तुम्हाला 'हॉट हॉट घावणे' मिळतील. मी नेमून दिल्याप्रमाणे दुरुस्त केलं: समुद्र थोड्या चालण्याच्या अंतरावर आहे, न्याहारीला ताजे घावणे मिळतील. छान, गुळगुळीत इंग्रजी. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन.

"ताई, ह्यां 'वॉक' काय लिवलास?"

मी समजावलं, वॉक म्हणजे थोडं चालत गेलं की समुद्र.

"चलूक कित्याक व्हया? दर्या हयसरच आसा. पडवीत बसल्यार पाय भिजतत."

पाय भिजतत हे जरा जास्त होतं, पण मुद्दा बरोबर होता. माझ्या दुरुस्त वाक्यात समुद्र लांब गेला होता. आणि ताज्या घावण्यांतून वाफही गेली होती. 'हॉट हॉट'मध्ये ती होती. बसून पुन्हा लिहिलं. समुद्रासाठी 'राइट हिअर' सापडलं, 'च'च्या पुष्कळ जवळचं. हॉट हॉटला आठ-दहा प्रयत्न केले, एकही जमला नाही, म्हणून तसंच ठेवलं आणि पाठवलं. वरून कोणी विचारलं नाही. मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे राहून गेलेल्या एका इंग्रज जोडप्याचा अभिप्राय आला. त्यात 'हॉट हॉट घावणे' अवतरणचिन्हांत होतं, आणि शेवटी होतं, आम्ही आणखी दोन दिवस राहायला 'शुड ऑव्ह'. ओ-एफ. हात लावायची परवानगी नाही, त्यामुळे दोन्ही एकाच परिच्छेदात नांदताहेत.

फोनची दुरुस्ती करणारी यंत्रणा या सगळ्यात काही कामाची नाही. पीसचे दोन्ही पीस तिच्या लेखी बरोबर शब्द आहेत, ती कशाला लाल रेघ मारेल? उलट आपण रोमन अक्षरांत मराठी लिहिलं की तिला चेव येतो. 'काय' लिहिलं की 'ओके' करते. माझ्या आईला 'आई, काय करतेस' विचारायचं होतं, ते काय होऊन गेलं ते सांगत नाही. आणि तसंही, इंग्रजीतल्या एका आयवरून नाक मुरडणारे आम्ही लोक 'नाही' हा शब्द रोमनमध्ये चार दिवसांत पाच तऱ्हांनी लिहितो. मराठीला १९६२ साली शुद्धलेखनाचे १४ नियम झाले, १९७२ला आणखी ४, ते सगळे मला पाठ आहेत. त्यातला एकही या रोमन मराठीला लागू पडत नाही.

सेक्रेटरींनी त्या दिवशी मेसेज दुरुस्त केला नाही. मीही मग विषय वाढवला नाही, डबा घेऊन खाली गेले. काकूंच्या हातात फोन होता, ग्रुपच उघडा होता. "बघ गं, किती जणांनी लिहिलंय," म्हणाल्या. मी शेजारी बसले आणि सत्तावीसच्या सत्तावीस वाचून दाखवले, मोठ्यानं. ऐकताना काही फरक पडत नव्हता.

त्यानंतर एक झालं. सेक्रेटरी आता ग्रुपवर टाकायच्या आधी प्रत्येक सूचना मला पाठवतात, खाली लिहितात, 'फॉर प्रूफ'. परवाची होती: टाकी धुणार असल्यामुळे उद्या पाणी येणार नाही, 'काइंडली ॲडजस्ट'. मी दोन स्पेलिंगं सुधारली, एक 'द' घातला, एक काढला. ॲडजस्ट राहू दिलं. मग 'करेक्टेड' असं उत्तर लिहिलं आणि पाठवायच्या आधी आर मोजले.